जळगावातल्या दोन खोल्या आणि शून्य युनिटचं बिल

अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी कॉइल काढतो, नवी तार भरतो. तीस वर्षं हेच केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की या माणसाला विजेतलं काही कळत नसेल.

साठवलेले साडेसहा लाख होते. तेवढ्यात जळगावात फ्लॅट येत नाही, हे ठाऊक होतं. पण तार ओढून ओढून बोटं आता नीट मिटत नाहीत. दुकान बंद पडलं तरी महिन्याला चार पैसे भाडं यावं, एवढीच इच्छा. साडूने एक माणूस सुचवला. जळगावात विद्यापीठाच्या वाटेवर, हायवेच्या आत, त्याने तीन मजली इमारत बांधली होती आणि एकेक खोली विकत होता. "भाऊ, बांभोरीला विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज. पोरं खोल्या शोधत फिरतात. दोन खोल्या घ्या, भाडेकरूंसकट देतो. महिन्याला नऊ हजार, एक तारखेला हातात."

नऊ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ८ हजार. साडेसहा लाखांवर साडेसोळा टक्के. आपल्याकडे राहत्या घराचं भाडं वर्षाला किमतीच्या दोन-तीन टक्के सुटलं तरी लोक समाधान मानतात. हा हिशेब मी तेव्हाही केला होता, पण उलटा. म्हटलं, लोकांना अशा जागा सापडत नाहीत, आपल्याला सापडली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी खोल्या बघायला गेलो. मुहूर्त चांगला, आणि साडू सोबत. एका खोलीत नवरा, बायको, लहान पोरगी. दुसऱ्या खोलीत दोन विद्यार्थी. त्या बाईने पाणी दिलं ते दुकानातल्या विकतच्या बाटलीतून. माठ कुठे दिसला नाही. खिडकीत कूलर होता, पण बंद, आतलं गवत वाळून खडखडीत झालेलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. एप्रिल-मेच्या दुपारी जळगावात लेकराला घेऊन कोण कूलर बंद ठेवून बसतं? पोरांच्या खोलीत दोन खाटा, दोरीवर टॉवेल आणि एकही पुस्तक नाही. "सेकंड इयरला आहे," एक जण म्हणाला. कशाच्या, ते मी विचारलं नाही. उलट मनात म्हटलं, साधी माणसं आहेत, त्रास देणार नाहीत.

आता कागदाचं. तो म्हणाला, इमारत गुंठेवारीतली, म्हणजे बिनपरवाना पाडलेल्या प्लॉटवरची आहे, ती नियमित व्हायची आहे, झाली की सगळ्यांची खरेदी एकदम नोंदवू, तोवर नोटरी करून ठेवू. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी धरून माझे ४५ हजारांच्या आसपास वाचत होते. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कागद देखी ल्या पहिले." मी तिला नोटरीचा लाल शिक्का दाखवला. शिक्का छान होता.

अडीच लाख बँकेतून दिले. चार लाख त्याने रोख मागितले, तेही दिले. त्याआधी त्याच खोल्यांवर थोडं कर्ज मिळतं का, म्हणून बँकेत जाऊन आलो होतो. साहेबांनी नोंदणीकृत खरेदीखत मागितलं, जागेचा सातबारा मागितला. तो म्हणाला, बँकवाले सहा महिने फिरवतात, सोडा. मी सोडलं. बँकेने फुकटात सल्ला दिला होता, तो मला नकार वाटला.

जूनपासून भाडं सुरू झालं. एक तारीख, नऊ हजार, फोनवर मेसेज. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाच महिन्यांचे ४५ हजार. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. दोघांनी तर त्याचा नंबरही मागून घेतला. माझ्याच साडेसहा लाखांतून काढून तो मला देत होता, आणि मी त्याची फुकट जाहिरात करत होतो. भाडेकरूला मी एकदाही फोन केला नाही. कशाला करायचा? पैसे येत होते.

नोव्हेंबरचे आले नाहीत. त्याचा फोन बंद. मी जळगावला गेलो तो नेमका रथाचा दिवस, कार्तिकी एकादशी. सगळं शहर रथाकडे चाललेलं, मी उलट्या दिशेने रिक्षा शोधतोय. इमारतीला कुलूप. भिंतीवर एका पतसंस्थेच्या वसुलीची नोटीस, सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावरची. अख्खी इमारत तारण होती. पायरीवर आणखी दोघे बसले होते, एक पारोळ्याचे शिक्षक, एक यावलकडचे केळीवाले. आम्ही कागद काढून एकमेकांशेजारी धरले. खोली क्रमांक तिघांचा तोच. भाडेकरूंची नावंसुद्धा तीच.

तिथे उभा असताना माझं लक्ष मीटरकडे गेलं. सवयच आहे. ग्राहक क्रमांक लिहून घेतला आणि घरी येऊन महावितरणचं बिल काढलं. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेलाच असतो. ०, २, ०, १, ०. साधा ७५ वॉटचा पंखा दिवसाला बारा तास फिरला तरी महिन्याला २७ युनिट होतात. कूलर वेगळा. त्या खोलीत कधी कोणी राहिलंच नव्हतं. आखाजीच्या दिवसापुरती माणसं बसवली होती. बिल बघायला एक रुपया लागत नाही, आणि शेतकऱ्याच्या मोटारीने किती युनिट ओढले हे मी त्याला तोंडी सांगतो.

मग सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. 'इतर हक्क'मध्ये पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा, माझ्या नोटरीच्या दोन वर्षं आधीचा.

वकिलांनी सांगितलं ते असं. शंभर रुपयांवरच्या जागेची खरेदी नोंदणीशिवाय होत नाही, हा कायदा १९०८ चा. साठेखत किंवा मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे माझ्याकडे खोली कधी नव्हतीच.

पोलिसांत जायला मी दीड महिना घाबरलो. कारण खोल्या विकणाऱ्याने निरोप धाडला होता, "चार लाख रोख दिलेत, तुम्हीच इन्कम टॅक्समध्ये अडकाल." हे नीट वाचा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला बंदी आहे आणि दंड पडतो तो घेणाऱ्याला. देणाऱ्याने पैसा कुठून आला एवढं दाखवायचं. माझ्याकडे बँकेतून काढल्याच्या नोंदी होत्या. नुसत्या धमकीने दीड महिना गेला, तेवढ्यात त्याने गाडी आणि घरातलं बरंच हलवलं.

शेवटी तिघे मिळून पोलिसांत गेलो तेव्हा त्याने मला सहा लाखांचा चेक दिला, वर म्हणाला, "संक्रांतीनंतर टाका." चेक तीन महिनेच चालतो. वकिलांनी बजावलं म्हणून मुदत संपायला आठ दिवस असताना टाकला. परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, पुढे त्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर महिनाभरात कोर्टात तक्रार. हे दिवस मी दुकानातल्या कॅलेंडरवर तारेच्या तुकड्याने टोचून ठेवले होते. सध्या माझ्या बाजूने तो परत आलेला चेक हा एकच कागद बोलतो.

साडूला प्रत्येक गिऱ्हाइकामागे दहा हजार मिळाले होते. त्याला ते कमिशन वाटत नव्हतं, चहापाणी वाटत होतं. आमचं बोलणं बंद आहे. बायका फोनवर बोलतात.

गेल्या महिन्यात चोपड्याचा एक शेतकरी मोटार घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, धुळ्याला भाड्याच्या दोन खोल्या मिळताहेत, भाडेकरू आत आहेत, स्वस्तात आहेत. मी हातातली तार खाली ठेवली आणि मीटरचा ग्राहक क्रमांक विचारला. त्याच्याकडे नव्हता. समोरच बसवून त्या माणसाला फोन लावायला लावला. पलीकडून उत्तर आलं, "लाइट बिलाचं काय घेऊन बसलात भाऊ, आखाजी जवळ आली."