‘जोडी’लाही जोडीदार लागतो

कुठल्या देशात घरटी किती पेट्रोल जळतं, हे शोधायला फुकटात मिळणारं सगळ्यांत बरं साधन म्हणजे ‘जोडी ऑइल’ हा डेटाबेस. रियाधचं इंटरनॅशनल एनर्जी फोरम तो सांभाळतं. शंभरावर देशांचे महिनावार आकडे, तेही जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचे. सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल) उतरवायची, गॅसोलिन म्हणजे पेट्रोल आणि डिमांड म्हणजे मागणी निवडायची, झालं.

गडबड होते ती एककात. महिन्याची एकूण बॅरलं घेतलीत तर दर फेब्रुवारीत खप पडलेला दिसेल. दिवसच कमी ना! ‘हजार बॅरल प्रतिदिन’ घ्या. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. टनांतून जायचं तर पेट्रोलच्या एका टनाचे साधारण १,३४० लिटर होतात. डिझेलचा १,१९० चा गुणक चुकून लागला, की उत्तर ११ टक्क्यांनी खाली आलंच. संकेतस्थळावरच्या तक्त्यात आकड्यांच्या चौकटींचे रंगही बघा. निळी चौकट तुलनेला चालते, पिवळी दिसली तर आधी मेटाडेटा, म्हणजे आकड्यांबद्दलच्या टिपा वाचायच्या, पांढरी म्हणजे तपासणी झालेलीच नाही.

मोठी उणीव वेगळीच आहे: ‘घरगुती’ असा रकानाच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दिवसाला सुमारे ८९.४ लाख बॅरल पेट्रोल खपलं. १३.१ कोटी कुटुंबांनी भागलं तर घरटी दिवसाला सुमारे १०.९ लिटर येतं, पण त्यात टॅक्सी आणि डिलिव्हरी व्हॅनही आल्या. शिवाय तिथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे लिटरमागे ऊर्जा ३ टक्क्यांनी कमी.

नुसती पेट्रोलची रेघ तर चक्क फसवते. फ्रान्समध्ये डिझेल गाड्यांची विक्री घटल्यावर पेट्रोलचा खप चढला. लोक जास्त फिरू लागले म्हणून नव्हे. ब्राझीलमध्ये पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आहेत. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांवर गेला की गाडीवाले पेट्रोलकडे वळतात. म्हणून डिझेल आणि इथेनॉलचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय आलेख काढूच नये.

एकाच देशाचा दहा वर्षांचा कल बघायला ‘जोडी’ उत्तम. देशांची क्रमवारी लावायला मात्र कुटुंब खर्चाची पाहणी सोबत हवीच. जपानच्या पाहणीत पेट्रोल थेट लिटरमध्ये मिळतं. फक्त एकट्या राहणाऱ्यांची घरं त्या तक्त्यात आहेत की नाहीत, ते आधी तपासा. लक्झेंबर्ग यादीतून सरळ वगळा. तिथे स्वस्त इंधन भरायला शेजारच्या तीन देशांतल्या गाड्या येतात.