लॅबचं ‘फर्टिलिटी पॅकेज’: काय कळतं, काय नाही

घरी येऊन रक्त नेणाऱ्या बऱ्याच लॅब आता हे हार्मोन तपासणीचं पॅकेज देतात: एफएसएच आणि एलएच (बीज वाढवणारी आणि फुटवणारी हार्मोन्स), इस्ट्राडायोल (बीजकोशातलं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज) आणि काही ठिकाणी प्रोजेस्टेरॉन. दिवस राहत नसलेल्या बाईला यातून थायरॉइडची किंवा बीज फुटण्याची अडचण सापडू शकते, आणि त्यासाठी तपासणी जरूर करावी. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील का, याचं भाकीत म्हणून ते घेऊ नये.

मोठी चूक तारखेची होते. एफएसएच आणि इस्ट्राडायोल पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, एकाच सॅम्पलमधून. नुसते डाग दिसले तो दिवस मोजू नका, नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला. एफएसएच 7, म्हणजे कमी आणि म्हणून चांगलं, असं पाहून हायसं वाटतं, पण शेजारी इस्ट्राडायोल 80 पिकोग्रॅमच्या वर असेल तर त्यानेच एफएसएच दाबून ठेवलेलं असू शकतं. तो 7 फसवा.

त्याच सुईत प्रोजेस्टेरॉन काढलं तर पैसे पाण्यात. ते बीज फुटल्यावर वाढतं, म्हणून पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी तपासायचं. पाळी 28 दिवसांनी येत असेल तर 21व्या दिवशी, 35 दिवसांनी येत असेल तर 28व्या. आकडा 3 नॅनोग्रॅमच्या वर आला की बीज फुटलं असं धरतात. बुकिंग करतानाच दोन फेऱ्या मागा.

केसांसाठी बायोटिनच्या 5–10 मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच, एफएसएच खोटं कमी आणि इस्ट्राडायोल खोटं जास्त दिसतं. डॉम्पेरिडोन असलेली ॲसिडिटीची कॅप्सूल प्रोलॅक्टिन वाढवते, तीही डॉक्टरांना सांगा. प्रोलॅक्टिनचं रक्त झोपेतून उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसून द्यावं. थोडं वाढलेलं आलं तर औषध सुरू करण्याआधी पुन्हा तपासावं.

आता एएमएच. रिपोर्टवर 0.6 ठळक छापलेलं असतं, पुढे ‘लो’, आणि घरात रडारड सुरू होते. हा आकडा शिल्लक बीजांच्या संख्येचा अंदाज देतो, त्यांचा दर्जा सांगत नाही. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) इंजेक्शनचा डोस ठरवायला तो खरोखर कामाचा. पण 2017 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या 750 बायकांपैकी ज्यांचं एएमएच 0.7 नॅनोग्रॅमपेक्षा कमी होतं, त्यांना इतरांपेक्षा कमी वेळा दिवस राहिले असं दिसलं नाही. ज्यांना आधीच अडचण आहे त्यांच्याबाबतही वय, किती वर्षं प्रयत्न चालू आहेत आणि पूर्वी कधी दिवस राहिले होते का, हे आधी बघावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी येतं. एकक पाहायलाही विसरू नका: मिलिलिटरला 1 नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे 7 पिकोमोल.

सगळे आकडे उत्तम आले तरी बंद गर्भनलिका यात दिसत नाही, आणि आपल्याकडे टीबीमुळे नलिका बंद झालेल्या बायका कमी नाहीत. त्यासाठी एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून काढलेला नलिकांचा एक्स-रे) लागतं. वर्षभर प्रयत्न करूनही यश नसेल, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच, डॉक्टरांकडे दोघांनी जावं.

नवऱ्याची वीर्यतपासणी या पॅकेजमध्ये नसते, तरी ती सुरुवातीलाच करून घ्या. दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळून सॅम्पल द्यायचं. घरून नेणार असाल तर डबी अंगाजवळ उबेत धरून तासाभरात लॅबमध्ये पोचवा.