वाफेने भाजलेल्या हातासाठी हायड्रोजेल शीट

जळीत वॉर्डात मी नऊ वर्षं परिचारिका होते. तिथे सकाळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं वाजली की लहान मुलं रडायला लागायची. गॉज जखमेवर वाळून बसलेलं असायचं. सलाईनने कितीही भिजवलं तरी सोडवताना नवी आलेली नाजूक कातडी त्याच्याबरोबर निघायची. हायड्रोजेल, म्हणजे जखमेवर ठेवायचं पाणीदार जेलचं ड्रेसिंग, मी हाताळलं ते निवृत्त झाल्यावर, घरच्याच माणसासाठी.

गणपतीत धाकट्या जावेने मोदकपात्राचं झाकण स्वतःकडे तोंड करून उघडलं आणि मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंत वाफ लागली. बांगड्या उतरवून हात वीस मिनिटं नळाखाली धरला. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू दिलं नाही. डॉक्टरांनी तपासून वरवरचं सेकंड डिग्री, म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली थोडंसंच पोचलेलं भाजलंय असं सांगितलं आणि हायड्रोजेलच्या शीट लिहून दिल्या. १० बाय १० सेंटिमीटरच्या चार शीटना साडेसहाशे रुपये पडले. गॉजच्या मानाने महागच.

पाकीट फोडलं की हातात येते चायनाग्रासच्या वडीसारखी पारदर्शक, गार, लवचीक चकती. तिच्यात बहुतांश पाणीच असतं, पण पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या जाळीत धरलेलं, त्यामुळे ते ओघळत नाही. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरपासून असं जेल विकसित केलं. त्यात किरणोत्सर्गाच्या एकाच प्रक्रियेत जाळी तयार होते आणि शीट निर्जंतुकही होते. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं.

शीट लावताक्षणी जावेच्या हाताची आग कमी झाली. दुसऱ्या दिवशी शीट काढताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी कोपऱ्यातून हलकेच उचलली, तर तिने विचारलं, "ताई, सुरू करताय ना?" तोवर शीट निघालीसुद्धा होती. माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथेच.

शीट पारदर्शक असल्याने जखम बघायला रोज उघडावी लागत नाही. वरची पट्टी सोडली की खाली लाली वाढलीय का, पू धरलाय का, सगळं दिसतं. आम्हाला जुन्या सिस्टर सांगायच्या, जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे. खरं तर १९६२ सालीच जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर पसरते. वॉर्डात ते पोचायला किती वर्षं गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

काही त्रासही झाला. शीट स्वतःहून चिकटत नाही, मनगटाच्या वळणावर सारखी सरकते. वरून गॉज आणि रोलर बँडेज लागतंच. पहिली शीट मी फार मोठी कापली, तर भोवतालची चांगली कातडी पांढरी पडून सुरकुतली, खूप वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी. पुढच्या वेळी जखमेच्या कडेपासून जेमतेम एक सेंटिमीटर बाहेर ठेवली, मग ठीक झालं. एका पाकिटाची शिवण उसवलेली होती, आतली शीट वाळून कडक झालेली. दुकानदाराने बदलून दिली, पण घेतानाच पाकीट दाबून बघा.

जखमेतून फार पाणी वाहत असेल तर ही शीट पुरी पडत नाही. ती आधीच पाण्याने भरलेली असते. खोल भाजलं असेल, जखम चिघळली असेल किंवा मधुमेह्याच्या पायाची जखम असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच लावू नका, आधी दाखवून या.

तेराव्या दिवशी हात भरून आला. कातडी अजून गुलाबी आहे, म्हणून उन्हात जाताना तिला पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालायला सांगितलंय.