खिडक्यांना प्लायवूड की कायमची शटर्स?

चक्रीवादळात एक काच फुटली की वारा घरात घुसतो, आतला दाब वाढतो आणि छप्पर खालून ढकललं जातं. वरून तर वारा त्याला ओढत असतोच. म्हणून आधी खिडक्या. (काचेवर चिकटपट्टीची फुली मारणं हा पर्यायच नाही, तुकडे मोठे पडतात, एवढाच फरक.)

प्लायवूड स्वस्त, पण निदान १६ मिलिमीटर जाडीचं हवं. खरी मेख बसवण्यात आहे. स्क्रू खिडकीच्या चौकटीत नव्हे, भिंतीच्या भक्कम भागात गेले पाहिजेत. वादळाच्या आदल्या दिवशी, सुटलेल्या वाऱ्यात, शिडीवर चढून एवढा मोठा तक्ता धरून पाहा. तोच पतंगासारखा ओढायला लागतो. त्यामुळे तक्ते हंगामाआधीच मापाने कापून, भोकं पाडून, प्रत्येकावर ‘स्वयंपाकघर, डावी’ असं लिहून ठेवायचे. ओल लागली की ते फुगतात आणि पुढच्या वर्षी भोकं जुळत नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमची घडीची शटर्स बरीच महाग. पण ओढली, कडी लावली, झालं. एकटं माणूसही करू शकतं. फक्त खाऱ्या हवेत रूळ अडकतात, तेव्हा अधूनमधून उघडझाप करून पाहावी.

माझं मत विचाराल तर वरच्या मजल्याला शटर्स, तळमजल्याला प्लायवूड. सगळीकडे एकच हवं असा हट्ट कशाला? गॅरेजचं रुंद दार मात्र दोन्हींत बसत नाही. त्याला आतून वेगळा आधार द्यावा लागतो.