पहिलं मोठं शाईचं पेन: १४९, एम८००, ८२३ की देशी एबोनाइट?

आठवड्याला हातानं किती पानं लिहिता, आणि कोणत्या लिपीत? महागडं पेन घ्यायला निघण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. मी रोज सकाळी दोन-तीन पानं मराठीतून लिहितो. बरीच वर्षं हे चालू आहे, आणि खालची चारही पेनं मी या वह्यांवर महिनोन्‌महिने चालवली आहेत. त्यामुळे हा आढावा लिहिणाऱ्याच्या बाजूनं झुकलेला आहे. नुसती जमवणाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं लिहिलंय.

निवड या चौघांत: हॅम्बर्गचं मॉन्ट ब्लांक माइस्टरश्टुक १४९, जर्मनीचंच पेलिकन सुवेरान एम८००, जपानचं पायलट कस्टम ८२३ आणि आपल्याकडे हातानं घडवलेलं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन. १४९ आज लाखाच्या घरात जातं, एम८०० साधारण त्याच्या निम्म्यात, ८२३ साधारण एक तृतीयांशात, आणि देशी एबोनाइट काही हजारांत. भाव हलते असतात, आणि परदेशातून मागवलंत तर सीमाशुल्क वेगळं धरावं लागतं.

आधी निबची जाडी

नावाआधी निब ठरवा, कारण मराठी अक्षर जाड निबला पटकन बळी पडतं. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. मध्ये 'क्ष', 'द्ध', 'ष्ट', 'ह्म' यांच्या पोटातल्या इवल्या फटी. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक तर हाताच्या लिखाणात एखाद्या छोट्या गाठीवर टिकून असतो. निब जाड आणि शाई सढळ असली की ती गाठ बुजते, आणि आठ दिवसांनी आपलंच लिहिलेलं आपल्याला अडखळत वाचावं लागतं.

जपान्यांची कांजी अक्षरंही अशीच भरगच्च असतात. म्हणून त्यांच्या निबा एक पायरी बारीक घडवलेल्या असतात: जपानी मीडियम म्हणजे साधारण जर्मन फाइन. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला जर्मन मीडियम मोकळं आणि सुंदर वाटतं. तीच निब आपल्या नेहमीच्या एकरेघी वहीत 'उद्ध्वस्त' लिहायला घेतली की शब्दाचा डाग होतो.

शिरोरेषेचं आणखी एक आहे. माझ्यासारखी पूर्ण शब्द लिहून मग वरची रेघ ओढायची सवय असेल, तर निब ओल्या शाईवरून फिरते आणि अक्षरांची डोकी पुसट पसरतात. सढळ चालणाऱ्या पेनात हे जास्त होतं. एकेक अक्षरावर रेघ देत जाणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ नाही. तेव्हा माझा हिशेब असा: अक्षर लहान असेल तर पायलटचं फाइन, मध्यम असेल तर पायलटचं मीडियम, जर्मन पेन घ्यायचं असेल तर एक्स्ट्रा फाइन, फार तर फाइन. जर्मन ब्रॉड सहीसाठी ठेवा.

पायलट कस्टम ८२३

रोज भरपूर लिहिणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगतो. पंधरा नंबरची मोठी १४ कॅरेटची निब, आतली शाई दिसणारं अर्धपारदर्शक अंग, आणि शाई भरायची अशी तऱ्हा, की पहिल्यांदा बघणारा थबकतो. मागची घुंडी सैल करून दांडा पूर्ण बाहेर ओढायचा, निब दौतीत बुडवायची आणि दांडा एका दमात आत दाबायचा. दांड्याच्या टोकाची चकती खाली सरकताना मागे पोकळी तयार करते. तळाशी नळी थोडी रुंद होते, तिथं चकतीची पकड सुटते आणि शाई फसकन वर चढते. जमेल तसं भरलं तर दोन मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. माझ्या वेगानं आठवडाभर दौत उघडावी लागत नाही.

याच दांड्याचा दुसरा उपयोग झडपेसारखा. घुंडी घट्ट असली की टाकीतून निबकडे जाणारी वाट बंद असते, म्हणून विमानात किंवा पिशवीत आडवंतिडवं पडलं तरी टोपणात शाई साचण्याची भीती कमी. पण लांब लिहायला बसताना घुंडी दोन वेढे सैल करायची आठवण ठेवावी लागते. नाहीतर पान-दीड पानानंतर जिभेतली (निबखालच्या, तिला शाई पोचवणाऱ्या पट्टीतली) शाई संपते आणि पेन कोरडं पडतं. नव्या मालकाला वाटतं पेन बिघडलं. ते बिघडलेलं नसतं.

उणी बाजू धुण्याची. रंग बदलायचा म्हटलं की पाणी भरा, सोडा, पुन्हा भरा, असं दहा-बारा वेळा करत बसावं लागतं. दर आठवड्याला नवी शाई हवी असणाऱ्यानं हे पेन घेऊ नये. त्याच निबचं कस्टम ७४३ आहे. त्यात कन्व्हर्टर, म्हणजे काढ-घाल करता येणारी शाईची छोटी नळी असते, तो नळाखाली पाच मिनिटांत स्वच्छ होतो.

पेलिकन एम८००

पेलिकन मूळचं हॅनोव्हरचं, रंग आणि शाई बनवणारं घराणं. पेनं त्यांनी १९२९पासून काढली. मागची घुंडी फिरवून आतल्या पिस्टननं (दट्ट्यानं) शाई ओढून घ्यायची पद्धत त्यांनीच घरोघरी पोचवली. एम८०० हे १९८७चं रूप. आतलं पिस्टनचं यंत्र पितळेचं, त्यामुळे वजन मागच्या बाजूला येतं. टोपण मागे खोचून लिहिणाऱ्याला ते जड वाटेल, टोपण टेबलावर ठेवून लिहिणाऱ्याला तोललेलं. अंगावरचे हिरवे किंवा निळे पट्टे नुसते शोभेचे नाहीत: दोन पट्ट्यांमधून उजेड येतो आणि शाई किती उरली ते कळतं.

या पेनाचा खरा गुण म्हणजे जिभेसकट पूर्ण निब फिरवून हातानं बाहेर येते. एकाच अंगाला आज फाइन, उद्या ब्रॉड. पिस्टनमागे साचलेली शाई धुवायला वाट मोकळी होते, आणि निब वाकली तर पूर्ण पेन परदेशी पाठवायची वेळ येत नाही. माझ्या एका पेनाची निब (ते पेन वेगळंच होतं) फरशीवर नाकावर पडून वाकली, तेव्हा दुरुस्तीला चार महिने लागले. तेव्हापासून या सोयीची किंमत मला कळते.

तक्रार एकच, पण मराठीसाठी मोठी: निबा रुंद आणि सढळ चालतात. इथं फाइन घेणाऱ्यानंही आधी आपल्या वहीवर चालवून बघावं.

मॉन्ट ब्लांक १४९

१४९ हातात आलं की कळतं लोक त्यासाठी का वेडे होतात. १९५२पासून त्याचा घाट फारसा बदललेला नाही. जाड, सिगारसारखं काळं अंग, टोपणावर पांढरा तारा, आणि १८ कॅरेटच्या दुरंगी निबवर कोरलेला ४८१० हा आकडा: माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. (जपानच्या प्लॅटिनमनं आपल्या पेनाला फुजीच्या उंचीवरून ३७७६ नाव दिलं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर; कुणी तरी तो आकडा निबवर कोरावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.)

लिहायला ते उत्तम आहे, पण ८२३पेक्षा तिप्पट उत्तम नाही. वरचे पैसे घाट, नाव आणि शोरूममधून मिळणारी सेवा यांचे. यात चूक काही नाही. पण आपण ते कशासाठी देतोय हे ठाऊक असावं. हात लहान असेल तर १४९ बोटांत मावत नाही, अंगठा दुखतो. अशांनी त्याचंच धाकटं भावंड १४६ बघावं.

जुन्या बाजारातून घेताना जपा, कारण नकला सर्वांत जास्त याच पेनाच्या. एक खूण पक्की: १४९ आणि १४६ ही पिस्टनची पेनं आहेत. अंग उघडून आतून कन्व्हर्टर निघाला तर ते १४९ नाही, विकणारा काहीही सांगो. एरवी अलीकडच्या पेनांत क्लिपच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो, आणि निबवर ७५० म्हणजे १८ कॅरेटचा ठसा.

देशी एबोनाइट

गंधक घालून भाजलेलं कडक रबर म्हणजे एबोनाइट. ते लेथवर धरून एकेक पेन कातलं जातं. हाताला उबदार लागतं, घामानं निसटत नाही, आणि जिभेसाठी तर त्याच्यासारखा पदार्थ नाही, कारण शाई त्याला धरून वाहते. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून पेनं करायला घेतली. १९३५मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र पाठवून त्या पेनाची पोच दिली, आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय असल्याचं कळवलं. पुढे २००९मध्ये मॉन्ट ब्लांकनं गांधीजींच्या नावानं दांडीच्या २४१ मैलांसाठी २४१ पेनं काढली, एकेक लाखो रुपयांचं. वाद झाला आणि भारतातली विक्री थांबली. माझ्या लेखी गांधीजींचं पेन म्हणजे रत्नमचंच.

देशी पेन घेताना ड्रॉपरनं थेट अंगात शाई भरायचं की कन्व्हर्टरचं, हे सांगून घ्या. ड्रॉपरच्या पेनात शाई अफाट मावते, पण टाकी तळाशी आली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पेन शाई ओकतं. एप्रिल-मेमध्ये हे हटकून होतं. उपाय सोपा: एक तृतीयांश उरली की भरून टाका. बहुतेकांत निब स्टीलची असते, आणि त्यात कमीपणा नाही. सोन्याच्या निबेचंही कागदाला टेकणारं टोक वेगळ्याच कठीण धातूचं असतं. सोनं शाईनं गंजत नाही आणि किंचित लवतं, हा त्याचा फायदा.

जमवायचं असेल तर

मग गणित बदलतं. क्रमांकित आवृत्त्या (मॉन्ट ब्लांकची कलाश्रयदात्यांची मालिका १९९२मध्ये लोरेन्झो दे मेदिचीपासून सुरू झाली, ४८१० नगांची) पेटी, कागदपत्रं आणि न भरलेली निब यांच्यावर किंमत टिकवतात. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही त्यात शाई भरता, त्या दिवशी संग्राहकाच्या नजरेत ते उतरतं. मला हे सोसत नाही. जमवायचीच तर जुनी पेलिकन ४०० जमवा, १९५०पासूनची. अजून लिहितात, सुटे भाग मिळतात आणि हाताळली म्हणून रुसत नाहीत.

शाई आणि कागद

चारही पेनांत चित्रकलेची लाखमिश्रित काळी शाई कधीच नको, ती जिभेत वाळून बसते. पहिली भरण धुऊन निघणाऱ्या साध्या निळ्या शाईची. दांडेकरांनी १९३१मध्ये मुंबईत शाईची पूड विकून जो धंदा उभा केला, त्यांची उंटछाप रॉयल ब्लू मी ८२३मध्येही वापरतो. स्वस्त वहीत शाई फुटते आणि मागे उमटते, तो दोष पेनाचा नाही. बारीक निब तिथंही निभावते.

लाख रुपये बाजूला काढले असतील आणि रोजचं लिखाण मराठीत असेल, तर मी ८२३ मीडियम आणि एक एबोनाइट घेईन. उरलेल्या पैशांतून एम८०० फाइन पुढच्या वर्षी. १४९ घ्यायचंच मनात असेल तर घ्या, पण रोज वापरा. दुकानात जाताना आपली वही न्या. काउंटरवरच्या गुळगुळीत पॅडवर वेटोळी काढून काही कळत नाही. आपल्या वहीत, आपल्या वेगानं, 'क्षुब्ध', 'उद्ध्वस्त', 'भ्रमिष्ट' हे तीन शब्द लिहा आणि लगेच शिरोरेषा ओढा. अक्षरांची पोटं उघडी राहिली तर पैसे द्या, नाहीतर एक पायरी बारीक निब मागा.