बुटांवर चढवायचे बर्फाचे स्पाइक्स : दोन हिवाळे वापरल्यावर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू डोंगर चढणाऱ्यांसाठी नाहीये. मला फक्त पहाटे साडेपाचला घरातून निघून बस स्टॉपपर्यंत अकरा मिनिटं चालायचं असतं, मग बस, मग ट्रेन, मग परत सात मिनिटं पायी. मी लॅबमध्ये काम करते, सॅम्पल्स काही माझ्या घरी येत नाहीत, त्यामुळे वर्क फ्रॉम होम ही भानगड आमच्या नशिबात नाही. बर्फाचा इशारा आला की आदल्या रात्री ऑफिसचा मेसेज येतो, "उद्या काळजीपूर्वक या". आता काळजीपूर्वक म्हणजे नक्की कसं ते विचारायची सोय नाही.

तर मी दोन प्रकारचे घेतले. पहिल्या हिवाळ्यात स्प्रिंगवाले, म्हणजे रबराची जाळी बुटावर ओढून बसवायची आणि तळाखाली जाळीभोवती स्टीलच्या वायरची वेटोळी असतात. दुसऱ्या हिवाळ्यात साखळीवाले, त्यात बुटाभोवती जाड रबराचा पट्टा, खाली साखळ्या आणि साखळ्यांना जोडलेले बोटाच्या पेरापेक्षा लहान स्टीलचे दाते. दोन्ही बॉक्सवर "सर्व प्रकारच्या बर्फासाठी" असं लिहिलेलं होतं आणि ते दोन्ही वेळा खोटं निघालं.

कारण बर्फ एक प्रकारचा नसतोच ना. नवीन पडलेल्या भुसभुशीत बर्फात चांगले हिवाळी बूट पुरतात, काही लागत नाही. खरी गंमत दुसऱ्या दिवशी असते. रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी जाते, बर्फ वितळवायला मीठ पडतं, गाड्या धावायला लागतात आणि सगळ्यांना वाटतं झालं मोकळं, पण त्या गाडीने ढकललेला सगळा ढीग कुठे जातो तर फुटपाथवर, आणि तिथे लोक तुडवून तुडवून त्याची अशी गुळगुळीत फरशी करतात की बस स्टॉपचा खांब धरून उभं राहावं लागतं. या तुडवलेल्या बर्फावर स्प्रिंगवाले एक नंबर आहेत, वजनाला हलके, चालताना खाली काही आहे असं जाणवतही नाही. पण काचेसारखा कडक बर्फ आला की ती वेटोळी त्यावर रुततच नाहीत, नुसती सरकतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एका हातात डबा आणि एका हातात छत्री घेऊन एका पार्क केलेल्या गाडीला मिठी मारली होती.

आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. जास्त थंडी म्हणजे जास्त घसरगुंडी असं नाही. सगळ्यात वाईट दिवस शून्याच्या आसपासचे. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक पातळ थर असतो, मायकेल फॅरडेने ही कल्पना 1850 मध्येच मांडली होती, आणि शून्याच्या जवळ तो थर जाड होतो म्हणून पाय सुटतो. उणे 20 ला बर्फ पायाखाली कर्रकर्र वाजतो आणि बऱ्यापैकी पकड देतो. पण मिठाचं बरोबर उलटं आहे, साधं मीठ उणे 10 च्या खाली गेलं की जवळजवळ हात टेकतं, म्हणजे तेव्हा फुटपाथवर मीठ दिसलं तरी त्याच्या भरवशावर पाय टाकायचा नाही.

साखळीवाले मी घेतले ते त्या गोठणाऱ्या पावसानंतर. तो प्रकार ज्याने बघितला नाही त्याला सांगून कळत नाही, साधा पाऊसच पडतो, पण थेंब शून्याखालचे असतात आणि ज्याला लागतील तिथे गोठतात, झाड, कठडा, दाराची कडी, सगळ्यावर पारदर्शक वेष्टन. त्या दिवशी बस बंद, ट्रेनच्या वरच्या तारांवर बर्फ चढलेला म्हणून ट्रेन बंद, आणि रात्रपाळीवाली सहकारी फोनवर म्हणते, "तू आल्याशिवाय मला निघता येणार नाही गं." गेले चालत. जे अंतर एरवी पाऊण तासाचं त्याला दोन तास लागले आणि त्यातला बराचसा भाग मी फुटपाथ सोडून कडेच्या गवतावरून गेले कारण गोठलेलं गवत निदान मोडतं तरी. स्प्रिंगवाले पायात असूनसुद्धा.

पुढच्या हिवाळ्यात तशीच सकाळ आली तेव्हा पायात साखळीवाले होते आणि फरक म्हणजे अक्षरशः जमीन अस्मानाचा. दाते बर्फात घुसतात, कच्च असा आवाज येतो आणि पाय तिथेच राहतो. उतारावरसुद्धा. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर मान वर करून चालले, नाहीतर चार महिने नजर बुटांवरच असते. गाडीला हिवाळी टायर घालताना कुणी दोनदा विचार करत नाही, 7 अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं म्हणून सगळे मुकाट बदलतात, मग पायांनीच काय पाप केलंय.

आता तक्रारी. मोकळ्या काँक्रीटवर हे भयंकर आहेत. टक टक टक असा घोड्यासारखा आवाज, गुडघ्याला हादरे आणि दाते झिजतात ते वेगळंच. शहरात फुटपाथ अर्धा साफ अर्धा बर्फ असा असतो, म्हणजे दर शंभर पावलांवर काढा घाला काढा घाला, ते कोण करणार? त्यात ओला बर्फ असेल तर साखळ्यांमध्ये गोळा होऊन बसतो आणि तुम्ही अचानक दोन इंच उंच होता, मग पाय आपटून झाडायचं.

पण सगळ्यात मोठा धोका बाहेर नाहीच, आत आहे, आणि हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. पूर्ण रस्ता जीव मुठीत धरून नीट पार केला, ऑफिसच्या दारातून आत आले, हुश्श केलं आणि लॉबीच्या पॉलिश केलेल्या फरशीवर दुसऱ्याच पावलाला सपशेल आडवी. गुळगुळीत फरशीवर धातू म्हणजे स्केट्सच. सिक्युरिटीवाला धावत आला, मला उठवलं आणि आधी पायांकडे बघून म्हणाला, "हे घालून आत यायचं नसतं." कोपर तीन आठवडे दुखत होतं. तेव्हापासून मी बाहेरच, दाराच्या छपराखाली, एका हाताने भिंत धरून बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून काढते. हातमोजे घालून पट्टा निसटतो, हातमोजे काढले तर बोटं जातात. टाचेला ओढायची मोठी रबरी कडी असलेलेच घ्या, माझ्या स्प्रिंगवाल्यांना ती नव्हती. आणि ओले स्पाइक्स ठेवायला जाड पिशवी लागते, बरोबर येते ती पहिल्याच आठवड्यात फाटली आणि बॅगेतला स्वेटरही.

ड्रायव्हिंग करताना तर अजिबात नकोत. नवऱ्याने कंटाळा करून एकदा तसेच ठेवले आणि ब्रेकच्या पेडलवरून पाय सटकला. नशीब गाडी अजून पार्किंगमध्येच होती.

स्प्रिंगवाल्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. कडाक्याच्या थंडीत रात्रभर गाडीच्या डिकीत राहिले, सकाळी ओढायला गेले तर उजव्याचा पट्टा अंगठ्यापाशी काडीसारखा तुटला. स्वस्तातलं रबर थंडीत ताठ होतं, त्यामुळे रात्री घरातच ठेवायचे, दाराजवळ हीटरच्या फार जवळ नाही. उरलेला डावा त्याच महिन्यात खोल बर्फात कुठेतरी निसटला आणि मला ट्रेनमध्ये बसल्यावर कळलं. कंपनीच्या कस्टमर केअरला दोन्हीबद्दल लिहिलं तर उत्तर आलं की कृपया दोन्ही नगांचा फोटो पाठवा. हरवलेल्याचासुद्धा. मी बर्फाच्या ढिगाचा फोटो पाठवला, अजून उत्तर नाही.

रेटिंग : स्प्रिंगवाल्यांना पाचपैकी अडीच, साखळीवाल्यांना चार. अर्धा मार्क आवाजाचा आणि अर्धा माझ्या कोपराचा कापला.

मागवताना बुटाच्या नंबरवर जाऊ नका. हिवाळी बुटाचा तळ जाड आणि बाहेरचा घेर मोठा असतो, बॉक्सवरचा तक्ता साध्या बुटांना धरून केलेला वाटतो, मी माझ्या नंबरचे मागवले तर पट्टा चढेना आणि चढला तर पुढे बोटं दाबून धरायचा. एक साइज मोठे परत मागवले ते बरोबर बसले. आल्या आल्या घरात, बसून, उबेत दोनचार वेळा घालून काढून बघा, पहाटे साडेपाचला अंधारात पहिला प्रयोग करू नका.