ॲम्बॅसेडर १४८९ पेट्रोलचं टायमिंग चेन किट: सोलापुरात काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी; ती ताणली की इंजिन खरखरतं. हा आढावा फक्त जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) मूळ बी-सीरिजचा. गाडीत इसुझूचं १८०० किंवा डिझेल असेल तर यातलं काही घेऊ नका.

या इंजिनाला दुपदरी म्हणजे डुप्लेक्स साखळी लागते. पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, तीन सूत (९.५२५ मिमी), कड्या ५२. सोलापुरात ती तीन प्रकारे मिळते. पहिला प्रकार नुसत्या साखळीच्या पुडीचा. दुसरं पूर्ण किट: साखळी, दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चाकं), टेन्शनर (साखळी ताठ ठेवणारा भाग), कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल सील. हे सहसा ऑर्डर देऊन मागवावं लागतं. तिसरं एमजीबी या बी-सीरिजच्याच इंजिनाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठी बनलेलं विलायती किट. याशिवाय एक सल्ला न मागता मिळतो: ‘एमआयडीसीत पॉवरलूमच्या चेन विकतात, तिथून मापाने तोडून आणा.’

या सल्ल्याचा निकाल आधी लावू. मशिनरीच्या दुकानात तीन सुती पिचच्या दोन जातीच्या साखळ्या असतात. ०६बी-२ चा रोलर दोन सुती, म्हणजे ६.३५ मिमी. अमेरिकन ३५-२ चा पिच तोच, पण दातांत बसणारा भाग ५.०८ मिमीचाच. काउंटरवर दोन्ही सारख्याच दिसतात. दुसरी चढवली तर ती दातांच्या खोबणीत सैल बसते आणि स्प्रॉकेट खाते. पहिलीचं माप जुळतं, पण ती जोडकडी आणि क्लिप लावून बंद करावी लागते. टायमिंग कव्हरच्या आत क्लिपवाली कडी चालत नाही. क्लिप उडाली तर ती साखळी आणि दात यांच्यामध्येच जाणार. टायमिंगची साखळी अखंड, रिव्हेट केलेलीच हवी.

नुसत्या साखळीची पुडी स्वस्त असते आणि खपतेही तीच जास्त. आमचं मत: स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेल्या आकड्यासारखे झाले असतील तर ते पैसे वाया. जुन्या दातांवर नवी साखळी लवकर ताणते आणि खरखर परत येते. दात सरळ, दोन्ही बाजूंनी सारखे असतील तरच पुडीवर भागवा. साखळी दुकानातच मोजून घ्या. ती ओढून धरा आणि पहिल्या पिनपासून एकविसाव्या पिनपर्यंत व्हर्नियर लावा. २० पिचचे १९०.५ मिमी यायला हवेत. नवी म्हणून दिलेली साखळी १९१ च्या पुढे गेली तर परत करा. गाडीतून काढलेली १९२.४ ला पोचली असेल तर ती एक टक्का ताणलेली आहे, तिचं काम संपलं.

आमची पसंती पूर्ण किटला, पण डोळे मिटून नाही. किटची खरी परीक्षा स्प्रॉकेटवर होते. नवं स्प्रॉकेट जुन्यावर ठेवा, चावीची खाच जुळवा आणि टायमिंगच्या खुणेचा ठिपका त्याच दातावर येतो का बघा. हलक्या मालात ठिपका एक दात सरकलेला सापडतो. तसं किट खुणा जुळवून बसवलं तरी व्हॉल्व्ह टायमिंग चुकणारच, आणि मग मिस्त्री कार्बोरेटर खोलत बसतो. दाताच्या कडेवर कानस हलकेच फिरवा. ती घसरायला हवी. चावली तर लोखंड मऊ आहे. टेन्शनरचा स्लिपर, म्हणजे साखळीवर टेकणारा रबरी भाग, नखाने दाबा. ॲम्बॅसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला. त्यामुळे ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारी पुडी बहुधा बरीच वर्षं कपाटात पडलेली असते. असं रबर कडक होऊन तडकतं. जुनं पाकीट स्प्रॉकेटसाठी चालेल, रबरासाठी नको.

एमजीबीच्या किटमधली दुपदरी साखळी तीच, ५२ कड्यांची. पण नंतरच्या एमजीबीला एकपदरी साखळी आली, म्हणून नाव ऐकून नव्हे, पदर बघून मागवा. स्प्रॉकेटची भोकंही मोजल्याशिवाय घेऊ नका. दर्जा चांगला, खर्च मोठा. रोज न फिरणाऱ्या गाडीला आम्ही तो करणार नाही.

आता बसवणं. संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, काढावा लागत नाही. कोणी ‘संप उतरवावा लागेल’ म्हणून मजुरी वाढवली तर कारण विचारा. रेडिएटर, फॅन बेल्ट, मग डॉग नट, म्हणजे पुलीसमोरचा हँडल अडकतो तो नट. त्यामागच्या वॉशरचा कान आधी सरळ करायचा. पुली पुलरने काढायची, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची नाही. कव्हर निघालं की आतल्या भिंतीवर घासल्याच्या रेघा आहेत का बघा. असतील तर साखळी तिथवर डुलत होती.

इंजिनाला तेलाच्या दाबावर चालणारा स्लिपर टेन्शनर असेल तर त्याचा खालचा प्लग काढून एक सुताची ॲलन की घालतात आणि घड्याळाच्या दिशेने फिरवून स्लिपर आत अडकवतात. गंमत अशी की साखळी चढवल्यावर तो सोडायचा, तेव्हाही की घड्याळाच्या दिशेनेच फिरते. उलटी फिरवली किंवा स्लिपर हाताने साखळीवर ढकलला तर आतली यंत्रणा बिघडते. टेन्शनरच्या पॅकिंगला तेलाचं भोक असतं. पॅकिंग उलटं बसलं की भोक झाकलं जातं, तेल मिळत नाही आणि नवं किटही वाजत राहतं.

क्रँकची चावी बरोबर वर आणि कॅमची साधारण एकच्या काट्यावर ठेवा. साखळी दोन्ही स्प्रॉकेटवर टेबलावरच चढवा, ठिपके समोरासमोर ठेवा आणि जोडी एकदम सरकवा. मग दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. क्रँकचं स्प्रॉकेट मागे राहिलं असेल तर फिलर गेजने फट मोजा, त्यातून ५ थाऊ (०.००५ इंच) वजा करा आणि उरेल तेवढे शिम, म्हणजे पातळ चकत्या, त्याच्या मागे घाला. ही पायरी बहुतेक गॅरेजमध्ये गाळतात. साखळी तिरकी चालली की एकाच पदराच्या बाजूने झिजते. कॅमच्या नटाला नवा लॉक वॉशर द्या आणि तो ६० ते ७० फूट-पौंडाला कसा, म्हणजे ८.३ ते ९.७ किलोग्रॅम-मीटर.

कव्हर लावताना तेल उडवणारी चकती विसरू नका. जुन्या प्रकारात तिची खोलगट बाजू इंजिनापासून बाहेर असते. चकती आणि कव्हर जोडीचे असतात. नमद्याच्या सीलचं कव्हर बदलून रबरी सीलचं घेतलं तर चकतीही त्याचीच हवी. कव्हरचे बोल्ट ढिले ठेवा, पुली आत सरकवून सील मध्यावर आणा, मगच कसा. हे चुकलं की पहिल्याच तुळजापूर फेरीत बेल्टवर तेल दिसेल.

प्लग काढून हँडलने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. ठिपके पुन्हा समोरासमोर यायलाच हवेत. हे कव्हर लावण्याआधीच बघून घ्यायचं, नंतर ठिपके दिसत नाहीत. त्यानंतर टायमिंग लाइट लावा. डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो. साखळी ताणलेली असताना त्याचा स्पार्क मागे पडलेला असतो आणि पॉइंट त्याच हिशेबाने लावलेले असतात. नवी साखळी आली की तोच स्पार्क पुढे सरकतो. सोलापूरच्या मे महिन्यात, हैदराबाद रोडच्या चढावर इंजिन ठोकायला लागलं तर साखळीला दोष देऊ नका, इग्निशन मागे घ्या.

थंड इंजिन सुरू होताना तेलाचा दाब येईपर्यंत दोन-चार सेकंद आवाज आला तर ठीक. गरम इंजिन सिग्नलला मंद फिरताना खरखरत राहिलं तर आधी तेल बघा. ४२-४३ अंशांच्या उन्हात पातळ झालेल्या तेलावर टेन्शनर ढिला पडतो; २०डब्ल्यू-५० घालून ऐका. तरीही आवाज राहिला तर टेन्शनरचं भोक तपासायला कव्हर पुन्हा उघडावंच लागेल. गॅरेजवाल्याशी या दुसऱ्या खोलण्याची मजुरी आधीच बोलून ठेवा.